जाईबाईचा पाव-रस्सा आन् वरवंडची पंगत

माझी सासू जाईबाई कशी होती, ते एकदा नीट सांगूनच टाकते. दौंडात अजून कुणी ना कुणी मला अडवून सांगतं, "तुमच्या सासूबाईच्या हातचा रस्सा, काय सांगू!" काय सांगू काय? सांग ना! कुणाला धड सांगता येत न्हाई. नुसते ओठ चाटतात आन् पुढं जातात. मी तिच्या हाताखाली अकरा वर्षं कांदं सोललं, तवा मीच सांगते.

आम्ही तिला आत्या म्हणायचो. मी केंदूरची, चांगुणा. तिच्या थोरल्या पोराला, बन्सीला, दिली. बन्सी लोको शेडात खलाशी, म्हणजे इंजिनं धुणं-पुसणं त्याच्याकडं. सासरे म्हाळू रेल्वेत गँगमन होते, ते माझं लग्न व्हायच्या आधीच गेले. मूळ गाव त्यांचं वरवंड. छप्पन सालानंतर बौद्ध झालेलं घर, पण गावात कोण बौद्ध म्हणतंय? गावाला जुनंच नाव तोंडात. सासऱ्यांनी गाव सोडलं, रेल्वेच्या कामाला लागले आन् परत वरवंडला राहायला म्हणून गेले न्हाईत. नवरा गेल्यावर आत्यानं मालधक्क्याच्या भिंतीला लागून चूल मांडली आन् मटणाचा रस्सा विकायला लागली.

रस्सा मेंढराचा. बोकडाला ती हात लावायची न्हाई. म्हणायची, "बोकडाला वास, मेंढराला चव." बाजारात धनगर कवळी मेंढरं घेऊन यायचे, त्यातलं ती स्वतः चाचपून घ्यायची आन् खाटीक तिच्यापुढं गप उभा राहायचा. कांदा तव्यावर परतायचा न्हाई, इंजिनातनं पडलेल्या कोळशाच्या निखाऱ्यात सालीसकट पुरायचा. वरून काळा झाला की साल काढायची. खोबऱ्याची वाटीपण तशीच भाजायची. मग पाट्यावर वाटण: कांदा, खोबरं, लसूण, तीळ, दगडफूल. वरवंटा माझ्या हातात आन् तोंड तिचं चालू. "आगं, वाटतीयास का गोंजारतीयास?" अशी बाई! शेवटाला येसूर. बाजरी, हरभऱ्याची डाळ आन् मसाला भाजून दळलेलं पीठ. त्यानं रस्सा दाट होतो. ती इतरांपेक्षा दुप्पट घालायची, आन् त्याला कारण होतं पावाचं.

पावाचं असं झालं. इंजिनावर जाणाऱ्या ड्रायव्हर-फायरमनला बसून खायला सवड नसायची. डबा भरून द्यावा तर डबा सोलापूरला जायचा आन् तिकडंच नांदायचा. असे किती डबे गेले! एकदा एक ड्रायव्हर घाईत आला, गाडीला सिग्नल मिळालेला, आन् आत्याकडं एकही भांडं रिकामं न्हाई. तिनं रहमानभाईच्या भट्टीतला अख्खा पाव घेतला, मधोमध कापला, आतला गर बोटांनी काढला आन् त्या खोलगट पावात रस्सा ओतून, गराचं झाकण ठेवून त्याच्या हातात दिला. "खा आन् भांडंबी खाऊन टाक!" ड्रायव्हर हसत पळाला. दुसऱ्या दिवशी चार जण तसलाच पाव मागायला आले.

मग रहमानभाई तिच्यासाठी कडक सालीचे पाव वेगळे भाजायला लागला. रस्सा दाट, साल कडक, गळायचं नाव न्हाई. पंच्याहत्तर-शहात्तर सालात स्टेशनापासनं बाजारापर्यंत जाईबाईचा पाव सगळ्यांच्या तोंडी होता. बाजाराला आलेली गावाकडची माणसंपण खायला लागली. वरवंडची, पाटसची, कुरकुंभची. चांगली जमीनजुमलेवाली. आत्या फुलायची नुसती! गिऱ्हाईक गेलं की मला कोपरानं ढोसायची. "बघितलास का? वरवंडचा व्हता. माझ्या हातचं खाऊन गेला."

यात तिचा किती जीव होता, ते मला लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी कळलं. नवी नवरी म्हणून ती वरवंडला नांदायला गेली, तवा गावात लग्न असलं की आमच्या वस्तीच्या बायका मांडवामागं पाटी घेऊन बसायच्या. सगळ्या पंगती उठल्या की उरलंसुरलं पाटीत पडायचं. आत्या दोन वेळा गेली. तिसऱ्यांदा तिनं जायचं नाकारलं, त्यावरनं ती आन् म्हाळूमामा गावाशी भांडले, आन् त्या भांडणातच गाव सुटलं. ती मला म्हणाली होती, "चांगुणे, मला एकदा अख्खं वरवंड मांडी घालून जेवताना बघायचंय, माझ्या हातचं. आन् त्याच पंगतीत मला बसायचंय. मग मेले तरी चालंल." दुसरं काही मागणं तिचं नव्हतंच. साडी न्हाई, दागिना न्हाई.

तर अठ्ठ्याहत्तर साली वरवंडचे आनंदराव आले. मोठे बागायतदार, पाटलाच्या घरातले. सोसायटीच्या निवडणुकीला त्यांनी पॅनेल उभं केलं होतं. दर बाजारी आत्याचा पाव खायचे, भिंतीला पाठ लावून, उभ्यानं. त्या दिवशी खाऊन झाल्यावर हात झटकत म्हणाले, "जाईबाई, येत्या रविवारी आमच्या मळ्यात दोनशे माणसाचं करायचं. मेंढरं माझी, जळण माझं, पाव तुझ्या रहमानला सांग. तू नुसता हात चालव. येतीस का?"

येतीस का म्हणजे काय! आत्याच्या हातातली पळी पातेल्यात पडली. "येते की. दोनशे काय, पाचशे आणा!"

ती पळी काढायला वाकली आन् मी पाव आणायला भिंतीच्या पलीकडं गेले. तिथं आनंदराव जोडीदाराशी बोलत उभे होते. जोडीदार म्हणाला, "आप्पा, तिच्या हातचं गावात चालंल का?" आनंदराव म्हणाले, "आरं, पाव हाय ना. उभ्यानं पाव खाल्ला तर त्याला कोण जेवण म्हणतंय? ताट आलं की पंगत आली, आन् पंगत आली की घराघरात बायका भांडत्यात. म्हणून तर पाव. घरी जाऊन म्हणायचं, दौंडचा पाव खाल्ला."

माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. म्हणजे इतकी वर्षं ही माणसं आमच्या चुलीपाशी येऊन जेवलीच नव्हती म्हणायची! तवा मला एक एक आठवायला लागलं. इतका तिखट रस्सा, नाकातनं पाणी येतंय, पण गावाकडचा एक माणूस आमच्या माठातलं पाणी मागायचा न्हाई. सगळे स्टेशनच्या नळावर पळायचे. आम्ही दोघी शहाण्या, आम्हाला वाटायचं नळाचं पाणी गार असतं.

दोन दिवस मी गप बसले. आत्या नाचत होती, मसाला दळत होती, पोराला सांगत होती, शेजारणीला सांगत होती. शेवटी राहवलं न्हाई. कांदा सोलता सोलता सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता आकांत करंल, न्हाईतर काम सोडंल.

तिनं हातातला कांदा खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हंजी रेल्वेवाल्यांसाठी मी काढलेली सोय ह्यांनी विटाळ टाळायला वापरली व्हय?"

"जायचं न्हाई आत्या. निरोप पाठवू."

"का न्हाई जायचं? शब्द दिलाय. मेंढरं कापतील, माणसं येतील. जायचं." आन् परत कांद्याला लागली. तिच्या डोक्यात काय चाललंय, मला काडीचा पत्ता लागला न्हाई.

रविवारी सकाळी रहमानभाईच्या टेंपोतनं आम्ही निघालो. बन्सीची ड्युटी होती, म्हणून आम्ही दोघीच. टेंपोत पावाच्या पाट्या, पाटा-वरवंटा, मसाल्याचे डबे. आनंदरावांचा मळा गावाबाहेर, तिथंच त्यांचं घर. विहिरीवर इंजिन भकभक करत होतं, पाटाला पाणी चालू होतं. आम्हाला चूल मांडून दिली ती गोठ्याच्या पल्याड, बाभळीखाली. आत्यानं पदर खोचला आन् कामाला लागली.

मी आयुष्यात तसला रस्सा परत खाल्ला न्हाई. चार मोठी पातेली. दुपार चढली तशी वासानं माणसं आपोआप चुलीकडं सरकायला लागली. आधी भाषणं झाली, पण भाषणाकडं लक्ष कुणाचं? सगळ्यांच्या माना बाभळीकडं. एक म्हातारे, रखमाजी, फौजेतनं पेन्शनीत आलेले, दर पाच मिनिटांनी येऊन विचारायचे, "जाईबाई, किती उशीर?" आत्या म्हणायची, "मामा, मेंढरानं जीव दिलाय, तुम्ही जरा दम धरा."

भाषणं संपली. आनंदराव आले. "हां जाईबाई, भर पाव. माणसं लाईनीत उभी करतो."

आत्यानं पळी पातेल्यावर आडवी ठेवली. "पाव मी पोखरणार न्हाई."

"म्हंजी?"

"माणसांना म्हणावं घरनं ताटं आणा आन् सावलीत पंगत धरा. मी वाढते. पाव रश्शात बुडवून खा, चांगला लागतो."

आनंदराव हसले. वाटलं, बाई थट्टा करतीय. मग तिचं तोंड बघितलं आन् हसू गेलं. "जाईबाई, आपलं पावाचं ठरलं व्हतं."

"पाव आणलेत की. दोनशे हायत, मोजून घ्या. आन् ताट माझं नको, तुमच्या तुमच्या घरचं आणा. त्यात तर कुणाची हरकत न्हाई?"

आता काय बोलणार? हरकत हाय म्हणावं तर कसली ते चारचौघांत सांगावं लागलं असतं. निवडणुकीच्या तोंडावर, आमच्या वस्तीची मतं पाहिजे असताना, ते सांगायची छाती कुणाची? आनंदरावांचा चेहरा लाल झाला. खालच्या आवाजात म्हणाले, "माझं पॅनेल पाडतीस का?"

"मी कशाला पाडू? मी तर जेवायला वाढतीय."

दोनशे माणसं आन् आम्ही दोन बायका. रहमानभाई टेंपोच्या स्टेअरिंगला धरून बसलेला, कवा पळावं लागंल म्हणून. गर्दीत कुजबुज सुरू झाली. दहा-पंधरा जण धोतर सावरत गावाकडं निघाले, ते परत आलेच न्हाईत. बाकीचे ना जात होते, ना बसत होते. वास सुटलेला, पोटात भूक, आन् पाय जागच्या जागी.

रखमाजीच पहिले हलले. "फौजेत आम्ही कुणाच्या हातचं खाल्लं न्हाई ते सांगा," असं मोठ्यानं म्हणाले आन् सायकल काढून घरी गेले. परत आले ते कॅरिअरला पितळी लावून. पितळी म्हणजे काठाचं खोलगट ताट, आमच्याकडं कालवण त्यातच खातात. येऊन सावलीत मांडी घातली. "वाढ गं पोरी." आत्या पन्नाशीची, पण त्यांना पोरगीच. तिनं वाढलं. माणूस हुं का चूं न करता जेवायला लागला आन् दोनशे माणसं त्याचा घास मोजत उभी राहिली.

मग चार सायकली सुटल्या, मग दहा. आन् सायकली ताटं आणायला घरी गेल्या म्हटल्यावर बातमी घराघरातल्या चुलीपर्यंत गेलीच. आनंदरावांच्या आईला, सोजराबाईला, कळलं. त्या मळ्यातल्या घरातनं बाहेर आल्या. सत्तरीची बाई, ताठ, अख्ख्या गावाला धाक. एकदा पोराकडं बघितलं, एकदा उपाशी माणसांकडं. पोराला म्हणाल्या, "माणसं उपाशी माघारी गेली तर उद्या मतं कोण देईल तुला? लग्नातली ताटं माळ्यावर हायत, काढ." म्हातारीनं हिशेब बरोबर केला. ताटांची चळत बाहेर आली आन् पंगत बसली.

अहो, बसली की! दीडशेच्या वर माणूस. आत्या पातेलं धरून रांगेतनं फिरत होती आन् मी पाव टाकत मागनं. पहिली पंगत, दुसरी पंगत. सुरुवातीला सगळे मान खाली घालून, गुमान. दुसऱ्यांदा रस्सा आला तशी जिभा सुटल्या. "जाईबाई, इकडं!" "जाईबाई, नळी असंल तर बघ!" तिच्या तोंडावरचा घाम मी पुसत होते, तिचं लक्षच नव्हतं. म्हाळूमामा पाहिजे होते तवा. मला फार वाटलं.

दुसरी पंगत उठली. ताटं गोळा झाली, आनंदरावांच्या गड्यांनी पाटावर घासून घरात नेली. आम्ही दोघी बाभळीला टेकलो. सकाळपासनं पोटात घोटभर चहा. आन् आनंदराव आमच्याकडं आले, हसत. मनातनं मोकळे झाले होते ते. हातात एक पाव, मधोमध कापलेला, गर काढलेला, वर रस्सा. आपल्या हातानं भरून आणला होता.

"जाईबाई, जिंकलीस बाबा. दमलीस, खाऊन घे."

वाईट मनानं दिला न्हाई त्यांनी, हे मी आजपण सांगते. त्यांना सुचलंच न्हाई दुसरं. पण घरात ताटांची चळत पडलेली आन् हिला पाव! माझ्या डोळ्यात टचकन पाणी आलं.

आत्यानं पाव घेतला, बाजूच्या पाटीत ठेवला. उठली, चालत गेली आन् पंगत उठली होती त्या जागेवर एकटीच मांडी घालून बसली. पुढं नुसती माती. मला हाक मारली, "चांगुणे, तू पण ये." मी गेले, शेजारी बसले.

"हे काय आता?" आनंदराव म्हणाले.

"पंगतीत बसले. एवढ्यांना मी वाढलं, आता आम्हा दोघींना कुणीतरी वाढा."

पान-तंबाखू करत बसलेली माणसं थांबली. रखमाजी उठायला लागले, पण त्यांचा हात कुणीतरी धरला. विहिरीवरचं इंजिन तेवढं वाजत होतं. आत्या समोर बघत बसलेली. मी तिच्या मांडीवर हात ठेवला. आन् कुणी येईना. येईनाच कुणी. मला तर वाटलं, आता आम्ही अशाच बसून राहणार, दिवस मावळंपर्यंत.

शेवटाला घरातनं सोजराबाई आल्या. हातात दोन पितळ्या. एक माझ्यापुढं ठेवली, एक आत्यापुढं. स्वतः पातेल्याशी गेल्या, पळीनं रस्सा आणून वाढला, पाव ठेवला. आम्ही जेवलो. रस्सा गार झाला होता, वर तेल थिजलेलं. आत्या हळूहळू जेवली, शेवटचा रस्सा पावानं पुसून घेतला.

जेवण झाल्यावर सोजराबाई म्हणाल्या, "म्हाळूच्या बायको, त्या दोन्ही पितळ्या घेऊन जा. तुम्हालाच दिल्या."

माणसं खूष! "वा! पाटलीणबाईचं मन मोठं!" मलापण क्षणभर तसंच वाटलं. जड पितळ, नवी कल्हई. मी पितळी उचलून पदराखाली घेणार, तेवढ्यात आत्यानं माझ्या हातातनं ती काढून घेतली. दोन्ही घेऊन पाटावर गेली. राखेनं घासल्या, तीनदा विसळल्या, पदरानं कोरड्या केल्या आन् थेट घराच्या उंबऱ्यापाशी जाऊन उभी राहिली.

"पाटलीणबाई, तुमच्या पितळ्या."

"आगं, दिल्या म्हटलं ना तुला."

"माझ्या घरी ताटं हायत. ही तुमची हायत. आम्ही ह्यात जेवलो म्हणून देऊन टाकत असाल तर नको. घरात घ्या. उद्या नातवंडं जेवतील ह्यात."

सोजराबाईचा चेहरा पडला. खरं तेच होतं ना! सगळ्या मळ्याला कळलं, खरं तेच होतं. आत्या हात पुढं करून उभी. हाताला रग लागली असंल, पण खाली घेतले न्हाईत. आनंदराव काहीतरी बोलायला गेले तर म्हातारीनं त्यांना नजरेनंच गप केलं. आन् पदराचा आडोसा न करता, उघड्या हातांनी तिनं त्या दोन्ही पितळ्या आत्याच्या हातातनं घेतल्या. बोटाला बोट लागलं दोघींचं. आत गेली, आन् मांडणीवर पितळ ठेवल्याचा आवाज आम्हाला बाहेर आला.

आत्या वळली, मला म्हणाली, "चल, पातेली चढव टेंपोत." टेंपो हायवेला लागला, तवा तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आन् दौंडाचं फाटक येईपर्यंत ती रडत होती, मोठ्यानं, लहान पोरीगत. मी तिला गप केलं न्हाई.